यादी जुनी, निकाल हिरवा

बरेच दिवस ब्लॉगकडे फिरकलो नव्हतो. पावसाळ्यात राधानगरीत नेट म्हणजे पाहुणा, आला तर आला, हे एक कारण. दुसरं कारण असं की जे लिहायचं होतं ते लिहायला थोडी लाज वाटत होती. पण परवा ऑफिसातल्या एका मित्राशी याच विषयावरून फोनवर कडाक्याचं भांडण झालं, आणि भांडण अर्धवट राहिलं की मला झोप लागत नाही. म्हणून हा लेख. घरची मंडळीही इथे वाचायला येतात, तेव्हा संगणकातलं जे येईल ते सोपं करून सांगतो. आमच्या धंद्यातल्या लोकांनी तेवढं सांभाळून घ्यावं.

सुरुवात आत्तीपासून करतो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी साडेसातला आत्तीचा फोन. तिच्या दोन म्हशी आहेत आणि ती दोन्ही वेळेला गावातल्या संस्थेत दूध घालते. फोन उचलल्या उचलल्या म्हणाली, "आरं, ही तुझी नवीन चिठ्ठी कसली? नुसतं चौकोन चौकोन आल्यात. फॅट कुठलं नि लिटर कुठलं, कसं वळखायचं?"

नातवाने चिठ्ठीचा फोटो पाठवला. आकडे सगळे जागच्या जागी होते आणि बरोबर होते. पण आकड्यांच्या आधीचे मराठी शब्द, म्हणजे तिचं नाव, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम, यांच्या जागी ओळीने रिकामे चौकोन. संगणकाला अक्षराचं वळण सापडलं नाही की तो असा चौकोन छापतो. ज्याला रोजची सवय आहे तो अंदाजाने सांगेल की हे लिटर आणि हे फॅट. पण ४.६ आणि ६.९ यातलं कुठलं कशाचं, हे माणसाने अंदाजाने का ठरवायचं? आत्ती त्या चिठ्ठ्या एका वहीत चिकटवते. दर दहा दिवसांनी बिल आलं की वही उघडून बेरीज करते. संस्थेशी बोलायची वेळ आली तर तिच्या हातात दुसरा पुरावा नाही. आम्ही तिच्या पुराव्यावरचे शब्दच पुसून टाकले होते.

"आम्ही" म्हणतोय, कारण ज्या कंपनीत मी घरून काम करतो तिचंच ते सॉफ्टवेअर. काही गावांत आधी प्रयोग म्हणून बसवलेलं. आणि मराठी छपाई नीट होते का, याची चाचणी माझ्याकडे. ती चाचणी आदल्या रात्री झालेली होती. स्वयंचलित. एकूण एक हिरवी.

हे कसं झालं ते सांगतो, कारण सगळं भांडण त्याच्यावरच आहे.

लिनक्सच्या संगणकावर काही बसवायचं असेल तर ते पॅकेज नावाच्या गठ्ठ्यातून येतं. हजारो पॅकेजं दूरच्या सर्व्हरवर ठेवलेली असतात. कुठलं पॅकेज, कितवी आवृत्ती, कुठल्या पत्त्यावर, याची एक यादी असते. तिला पॅकेज इंडेक्स म्हणतात. तुमचा संगणक आधी ती यादी उतरवून घेतो आणि मग यादी बघून माल मागवतो. यादी आणायची आज्ञा वेगळी, माल आणायची वेगळी. डेबियन किंवा उबुंटूवर पहिलीला ॲप्ट-गेट अपडेट म्हणतात, दुसरीला ॲप्ट-गेट इन्स्टॉल.

आपल्या एस.टी. स्टँडवरचा वेळापत्रकाचा फलक आठवा. फलक रंगवला तेव्हा बरोबर होता. पुढे गाड्या बदलल्या, वेळा बदलल्या, फलक तसाच राहिला. त्याच्या भरवशावर तुम्ही कोल्हापूरच्या गाडीसाठी जाऊन उभे राहिलात तर गाडी येत नाही. गाडीची चूक नाही, फलकावर लिहिणाऱ्याचीही त्या वेळी चूक नव्हती. जुन्या इंडेक्सचं तसंच होतं. एखाद्या पॅकेजमध्ये सुरक्षेची दुरुस्ती झाली की नवी आवृत्ती येते आणि जुनी सर्व्हरवरून काढून टाकतात. जुनी यादी घेऊन गेलेल्या संगणकाला तिथे "४०४, सापडलं नाही" असं उत्तर मिळतं.

आता आमच्या चाचणीचं. स्वयंचलित चाचणी म्हणजे दर वेळी एक कोरा संगणक (खरं तर संगणकाच्या आतला संगणक, डॉकर नावाच्या साधनाने केलेला) उभा करायचा, त्यावर लागेल ते सगळं बसवायचं, आपला प्रोग्राम चालवायचा, हजार प्रश्न विचारायचे आणि उत्तरं तपासायची. दर वेळी सगळं नव्याने आणायला वेळ लागतो, म्हणून डॉकर पायरीपायरीने केलेलं काम साठवून ठेवतो. ज्या पायरीत काही बदल नाही ती तो पुन्हा करत नाही, साठवलेलीच वापरतो. आमच्या कृतीत यादी आणायची एक पायरी होती आणि माल बसवायची पुढची. यादीची पायरी कधी बदललीच नाही. त्यामुळे चार महिन्यांपूर्वी आणलेली यादी तिथे आरामात पडून होती. डॉकरच्या स्वतःच्या मार्गदर्शनात बजावून सांगितलंय की या दोन आज्ञा एकाच पायरीत लिहा. मी ते वाचलं होतं. वाचणं आणि करणं यात जेवढं अंतर असतं तेवढं होतंच :-)

मग एका सहकाऱ्याने माल बसवायच्या ओळीत आणखी एका पॅकेजची भर घातली. ओळ बदलली म्हणून ती पायरी नव्याने चालली, पण चार महिने जुन्या यादीवर. यादीतल्या एका पॅकेजची तेवढ्यात नवी आवृत्ती आलेली. जुनीच्या पत्त्यावर ४०४. एक अडलं की ॲप्ट बाकीचंही बसवत नाही, सगळी आज्ञाच सोडून देतो. चाचणी लाल झाली. पडद्यावर संदेशही आला होता, आणि तो किती सभ्य आहे बघा: काही गठ्ठे आणता आले नाहीत, एकदा अपडेट करून बघता का? म्हणजे रोगही सांगितला होता आणि औषधही.

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. सकाळी आवृत्ती द्यायची होती. मी ओळीच्या शेवटी दोन उभ्या दांड्या आणि "ट्रू" हा शब्द लिहिला. याचा अर्थ असा की ही आज्ञा फसली तरी फसली नाही असंच समज आणि पुढे जा. त्या ओळीत देवनागरी छापायला लागणारा लोहित फाँटही होता. तोही बसला नाही. बाकी छपाईचं सामान आधीच्या पायरीत होतं, म्हणून प्रोग्राम चालू झाला. आणि माझ्या मराठी छपाईच्या चाचणीत पहिलीच अट होती की फाँट नसेल तर ही चाचणी वगळ. तिने वगळली. वगळलेल्याचा रंग आमच्याकडे हिरव्यातच मिसळत होता. संस्थेत बसवायच्या डब्यातली प्रणालीही त्याच कृतीने तयार होते. पुढचं आत्तीने सांगितलंच.

आता भांडण. मित्राचं म्हणणं असं की तू उगाच तत्त्वाचा प्रश्न करतोयस. "अरे, चुकून एक ओळ लिहिलीस, काढून टाक, विषय संपला." मी म्हणतो विषय संपलेला नाही, कारण ही ओळ मी शोधलेली नाही. आमच्या धंद्यात ती सवय आहे. यादी जुनी झाल्याने चाचणी लाल झाली की लालचं कारण शोधण्याऐवजी लाल घालवणारी सगळ्यात छोटी ओळ शोधायची. आणि या सवयीला आम्ही चतुराई समजतो.

उदाहरणं माझ्या घरची नाहीत, जगजाहीर आहेत. २०१९ च्या मार्चमध्ये डेबियनने आपल्या जुन्या जेसी आवृत्तीचा "अपडेट्स" हा विभाग नेहमीच्या सर्व्हरांवरून काढला. त्याच्यावर विसंबलेल्या जगभरच्या चाचण्या एका दिवसात ४०४ म्हणून कोसळल्या. सेंटओएस ८ चा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२१ ला संपला. जानेवारीअखेर त्याचा माल जुन्या मालाच्या कोठारात हलवला आणि यादी मागणाऱ्याला "एकही पत्ता नाही" असं उत्तर मिळू लागलं. डेबियन ९, म्हणजे स्ट्रेच, त्याचा वाढीव पाठिंबा ३० जून २०२२ ला संपला आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये तो नेहमीच्या जागेवरून गेला. पुन्हा तोच आरडाओरडा. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली आणि लगेच त्याचा यादी देणारा पत्ताच बंद झाला. पुन्हा तेच.

यातली एकही तारीख गुपित नव्हती. पाठिंबा कधी संपणार हे आधीच जाहीर झालेलं होतं. तरी प्रत्येक वेळी लोकांना धक्का बसला आणि प्रत्येक वेळी एकच उपाय हातोहात फिरला: पत्ता बदलून जुन्या कोठाराकडे वळवा, आणि तारीख तपासणं बंद करा. काहींनी तर सही तपासणंही बंद केलं. लाल गेलं. ज्या प्रणालीला सुरक्षेची एकही दुरुस्ती यापुढे मिळणार नाही तिच्यावर हिरवे निकाल पुन्हा सुरू झाले. कोठाराकडे वळणं चूक आहे असं मी म्हणत नाही, कधीकधी दुसरा इलाज नसतो. ते करताना "आपण आता मुदत संपलेल्या पायावर उभे आहोत" हे किती जणांनी भिंतीवर लिहिलं, एवढंच विचारतो.

हे झालं मोठ्याने फुटणारं. मला जास्त भीती वाटते ती गप्प बसणाऱ्या प्रकाराची. ॲप्टला नवी यादी आणायला सांगितली आणि मध्ये नेट गेलं, तर तो एक इशारा छापतो की काही याद्या उतरल्या नाहीत, त्या सोडून दिल्या किंवा त्याऐवजी जुन्या वापरल्या. आणि काम यशस्वी झाल्याचा शून्य हा आकडा परत देतो. माणूस समोर बसला असेल तर हे ठीक आहे, तो इशारा वाचेल. पण स्वयंचलित चाचणीत समोर कोणी बसलेलं नसतं. यंत्र फक्त तो शून्य बघतं. म्हणजे तुम्ही नवी यादी मागितली, मिळाली जुनी, आणि कागदोपत्री नवी मिळाल्याची नोंद झाली. अलीकडच्या ॲप्टमध्ये कुठलीही यादी उतरली नाही तर चूक समज, असं सांगायची सोय आहे. एररऑन बरोबर एनी, एवढंच लिहायचं असतं. ज्या ज्या कृती मी आजवर उघडून बघितल्या त्यात ती सापडल्याचं मला आठवत नाही. माझ्या स्वतःच्या कृतीतही नव्हती.

आता कोणी म्हणेल, यादी चार दिवस जुनी असली म्हणून काय आभाळ कोसळतं? त्यासाठी एक जुनी पण फार बोलकी गोष्ट. २००८ साली ॲरिझोना विद्यापीठातल्या जस्टिन कॅपोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. त्यांनी एक खोटी कंपनी उभी केली, एक सर्व्हर भाड्याने घेतला, आणि उबुंटू, फेडोरा, ओपनसूसे, सेंटओएस, डेबियन या सगळ्यांकडे "आम्ही तुमच्या मालाची प्रत ठेवतो" म्हणून अर्ज केला. सगळ्यांनी त्यांना अधिकृत यादीत घेतलं. यातून त्यांनी दाखवलं ते असं: असा सर्व्हर हाताशी असेल तर एकही खोटी सही करावी लागत नाही. फक्त जुनी यादी देत राहायचं. यादी खरी, सही खरी, फक्त शिळी. ग्राहकाला वाटतं नवीन काही आलंच नाही. इकडे दुरुस्ती झालेलं भोक त्याच्याकडे उघडंच राहतं आणि ते भोक कुठे आहे हे सगळ्या जगाला छापून सांगितलेलं असतं.

म्हणून तर डेबियन आपल्या सुरक्षेच्या यादीवर "अमुक तारखेपर्यंतच खरी" असं लिहितं. मुदत साधारण आठवडाभराची. दुधाच्या पिशवीवर असते तशी. आणि हीच ती तारीख, जी तपासू नको म्हणून सांगणारी ओळ लोक एकमेकांना मोठ्या प्रेमाने देतात. शिवाय ही तारीख यादी आणताना तपासली जाते. आणलेली यादी माझ्यासारख्याच्या फडताळात चार महिने पडली तर विचारणारं कोणी नाही.

इथे मित्राचे मुद्दे प्रामाणिकपणे मांडायला हवेत. भांडण माझ्या ब्लॉगवर चाललंय म्हणून त्याला मुका करणं बरोबर नाही.

त्याचा पहिला मुद्दा: "चाचणी आपल्या प्रोग्रामची आहे, जगातल्या सर्व्हरांची नाही. त्यांचा सर्व्हर पडला म्हणून माझी चाचणी लाल का?" हा मुद्दा खरा आहे. रोज उठून दुसऱ्याच्या चुकीने लाल दिसू लागलं तर लोक लालकडे बघायचंच सोडतात. लांडगा आला रे आला. पण याचं उत्तर लालला हिरवा रंग देणं हे नव्हे. चाचणीला तिसरा निकाल हवा. पास, नापास आणि झालीच नाही. माल आला नाही तर प्रोग्राम नापास नाही, कबूल. पण तो पासही नाही. परीक्षाच झाली नाही.

२०२१ साली करोनामुळे दहावीची परीक्षा झाली नाही आणि राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला, आठवतंय? त्यावर तेव्हा बरेच विनोद झाले. पण निकाल कशावरून लावला हे मंडळाने आधी जाहीर केलं होतं, नववीचे गुण आणि दहावीतलं अंतर्गत मूल्यमापन. गुणपत्रक वाचणाऱ्याला ठाऊक होतं की हा आकडा कुठून आला. पोरांचा त्यात काही दोष नव्हता आणि कोणी कोणाला फसवलं नाही. माझ्या यंत्राने मात्र परीक्षा न घेता गुणपत्रक छापलं आणि खाली तळटीपही दिली नाही.

दुसरा मुद्दा: "तुला राधानगरीतून बोलायला काय जातंय, तुझ्याकडेच नेट नसतं." हे पण खरं. मुसळधार पावसात इथे आधी वीज जाते, मग नेट, मग मोबाईलचा टॉवर. माझ्या घरच्या संगणकावर यादी पहिल्या झटक्यात उतरली तर मी नारळ फोडतो. त्यासाठी पुन्हा प्रयत्न करायची सोय आहे, ती जरूर वापरा. तीनदा प्रयत्न करा, मध्ये थोडं थांबा. पण तीन वेळा नाही मिळालं तर चौथ्या वेळी "मिळालं" म्हणू नका. ज्याच्याकडे नेट भरवशाचं नाही त्याने तर यादीचं वय जास्तच जपलं पाहिजे. ज्याच्या घरी नळाला रोज पाणी येतं तो हंडा कधीचा भरलेला आहे हे विसरला तरी चालतं, आपल्याला चालत नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यात वजनदार, आणि त्यावर मी पाच मिनिटं गप्प बसलो होतो हे कबूल करतो. "ताजं म्हणजे चांगलं, हे तुला कोणी सांगितलं? एक्सझेडचं विसरलास?" २९ मार्च २०२४ ला अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने उघड केलं की एक्सझेड या सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कोणीतरी चोरदरवाजा बसवलाय. त्याला संशय आला तो लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागत होता म्हणून. त्या वेळी रोज ताजं घेणाऱ्यांकडे, म्हणजे डेबियनच्या अस्थिर आणि चाचणी शाखांमध्ये, ते पॅकेज पोचलं होतं. स्थिर शाखा वापरणारे वाचले. जुनं होतं म्हणून वाचले.

बरोबर. पण ते का वाचले? यादी चुकून फडताळात राहिली म्हणून नाही. नवीन माल काही काळ मुरल्याशिवाय स्थिर शाखेत घ्यायचा नाही, हा नियम कोणीतरी विचार करून ठरवलाय, लिहून ठेवलाय आणि सुरक्षेच्या दुरुस्त्यांसाठी त्यात वेगळी वाट ठेवलीय. लोणचं मुरवत ठेवणं आणि भाजी फ्रीजमध्ये विसरणं या दोन्हीत पदार्थ जुनाच होतो. पण एकाच्या बरणीवर तारखेची चिठ्ठी असते.

माझं म्हणणं एवढंच आहे. जुनी यादी हा गुन्हा नाही. वय माहीत नसलेली यादी हा गुन्हा आहे. यादी किती जुनी चालेल हे माणसांनी ठरवायचं, लिहायचं, आणि त्यापेक्षा जुनी झाली की यंत्राने गप्प बसायचं नाही. त्याचा निकाल काय लावायचा ते डॉकरच्या साठवणीवर, नेटच्या मर्जीवर आणि रात्री साडेअकराच्या झोपेवर सोडायचं नाही.

नुसती टीका करून पळून गेलो असं नको, म्हणून आत्तीच्या फोननंतर आम्ही काय बदललं ते सांगतो.

१. यादी आणणं आणि माल बसवणं एकाच पायरीत. वेगळी केली तर दुरुस्ती मागे पाठवायची.

२. फसलं तरी पुढे जा असं सांगणाऱ्या सगळ्या उभ्या दांड्या बसवण्याच्या ओळींतून काढल्या. एकूण सात निघाल्या. त्यातल्या चार माझ्या. प्रत्येकीमागे कुठलीतरी रात्र होती.

३. कुठलीही यादी उतरली नाही तर तिथेच थांब, ही आज्ञा. त्याआधी तीन प्रयत्न.

४. रोजच्या चाचणीला एक ठरावीक तारखेची यादी. डेबियनचं स्नॅपशॉट नावाचं कोठार आहे, त्यात माल ज्या तारखेला जसा होता तसा मिळतो. कृतीत ती तारीख सरळ लिहिलेली असते, आणि निकालाच्या पहिल्या ओळीत ती छापली जाते. त्या कोठाराच्या जुन्या यादीची मुदत संपलेली असणारच, त्यामुळे तिथे मुदत तपासणं बंद करावं लागतं. करतो. पण फक्त तिथे, आणि शेजारी कारण लिहून. तारीख पंधरा दिवसांपेक्षा जुनी झाली की चाचणी आमची आम्हीच लाल करतो.

५. रोज रात्री दुसरी चाचणी, आजच्या ताज्या यादीवर. ती लाल झाली म्हणून काम अडत नाही, पण सकाळी कोणीतरी वाचायचं. कोणी, ते नावानिशी ठरलेलं. पहिली सांगते की आपण काही मोडलं का. दुसरी सांगते की जग बदललंय का. हे दोन प्रश्न एका चाचणीत कोंबले म्हणूनच सगळा घोळ होत होता.

६. वगळलेल्या चाचण्या वेगळ्या रंगात, मोजून. कालपेक्षा एक जरी जास्त वगळली गेली तरी लाल.

मित्र म्हणतो, यात वेळ जातो. जातो. पहिल्या आठवड्यात आमची पाटी इतकी लाल होती की साहेबांनी विचारलं, काय तोडलंत? काही तोडलं नव्हतं. जे आधीपासून तुटलेलं होतं ते दिसायला लागलं होतं. त्या आठवड्यात मला मिळालेली बोलणी मी इथे लिहीत नाही, घरची मंडळी वाचतात.

स्वयंचलित हा शब्द आम्ही राधानगरीकर लहानपणापासून ऐकतो. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना सांगतो, आमच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. शाहू महाराजांनी सुरू केलेलं धरण. पाणी ३४७.५० फुटांवर गेलं की दरवाजे आपोआप उघडू लागतात, एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत पडतं. पावसाळ्यात कितवा दरवाजा उघडला याची बातमी कोल्हापूरपर्यंत लोक कान देऊन ऐकतात, कारण खाली नदीकाठी त्यावर सामान हलवायचं की नाही हे ठरतं. त्या दरवाजाला कोणी विचारत नाही की आज उघडणं सोयीचं आहे का. तो आत्ताच्या पाण्याला उत्तर देतो, गेल्या आठवड्यात वहीत लिहिलेल्या पातळीला नाही. म्हणून त्याच्या बातमीवर खालचं गाव विश्वास ठेवतं. आम्ही आमच्या चाचण्यांना तोच शब्द लावतो आणि चार महिन्यांपूर्वीच्या पातळीवर "सगळं ठीक" म्हणून सांगतो. खाली कोणीतरी राहतं, हे आम्हाला चिठ्ठीचा फोटो आल्यावर आठवतं.

तुमच्यापैकी जे या धंद्यात आहेत त्यांना एकच विनंती. आज आपापल्या कृती उघडा. त्या दोन उभ्या दांड्या शोधा. मुदत तपासू नको म्हणणारी ओळ शोधा. सापडली तर ती कोणी आणि का लिहिली ते विचारा, आणि उत्तर "मीच" असं आलं तर मला कळवा, सोबत होईल.

आत्तीला त्या दहा दिवसांच्या चिठ्ठ्या आम्ही पुन्हा छापून दिल्या. मी स्वतः घेऊन गेलो. तिने जुन्या चिठ्ठ्या वहीतून काढल्या नाहीत, नव्या त्यांच्या शेजारी चिकटवल्या आणि एकेक आकडा बोटाने जुळवून बघितला. सगळे जुळले. मग म्हणाली, "आता बराबर हाय न्हवं?"

मी म्हटलं, "थांब आत्ती, बघून सांगतो." आणि मोबाईल काढून आधी त्या दिवशीच्या चाचणीची यादी किती तारखेची होती ते बघितलं. ती हसली, आणि चहा ठेवायला आत गेली.